‘आमदारांच्या प्रयत्नांतून’ म्हणजे नेमके काय? करमाडच्या निमित्ताने समजून घ्या

गावात सिमेंट रस्त्याचे भूमिपूजन झाले की फलक लागतो : ‘आमदारांच्या विशेष प्रयत्नांतून मंजूर’. फोटो मोठा, रकमेचा आकडा त्याहून मोठा. पैसा कोणत्या खात्यातून आला, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. आमदाराने गावासाठी काय केले, हे तपासायचे तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

करमाड तालुक्याने छत्रपती संभाजीनगरचे, विधानसभेला फुलंब्रीचे आणि लोकसभेला जालन्याचे. फुलंब्रीतून २०१४ आणि २०१९ मध्ये हरिभाऊ बागडे निवडून आले. जुलै २०२४ मध्ये त्यांची राजस्थानच्या राज्यपालपदी नियुक्ती झाली आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत अनुराधा चव्हाण आमदार झाल्या. जालन्याचे खासदार कल्याण काळे हेही २००९ मध्ये फुलंब्रीतूनच विधानसभेत गेले होते. त्यामुळे एका कामावर दोन-तीन नेत्यांनी हक्क सांगितला, तर आश्चर्य वाटायला नको.

पाच कोटींत किती भागते?

आमदाराच्या थेट शिफारशीवर खर्च होतो तो स्थानिक विकास निधी. राज्यात तो २०२० पर्यंत वर्षाला दोन कोटी होता. नंतर तीन, चार आणि २०२२ मध्ये पाच कोटी झाला. फुलंब्री मतदारसंघात तीन लाखांहून अधिक मतदार आहेत. म्हणजे एका मतदारामागे वर्षाला पावणेदोनशे रुपयेही येत नाहीत! हा पैसा आमदाराच्या खात्यात जमाही होत नाही. आमदार काम सुचवतो. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळते. मग तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. शिफारसपत्र दिले म्हणजे काम सुरू झाले, असे नसते.

फलकावरचे मोठे आकडे बहुधा दुसरीकडून येतात. ग्रामपंचायतीत ‘पंचवीस-पंधरा’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. तो ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षाचा. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत रस्ते, गटारे, सभामंडप अशी कामे त्यातून मंजूर होतात. याशिवाय पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती आहे, आणि मोठ्या रस्त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाचा अर्थसंकल्प. खरा जोर इथे लागतो. आपल्या मतदारसंघाचे काम अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत बसवून घेणे, ही आमदाराची कसोटी. ते जमले तर ‘प्रयत्नांतून’ हा शब्द खोटा नाही. पण सत्ताधारी आणि विरोधी आमदाराला इथे सारखेच माप मिळते, असे कोणी म्हणणार नाही.

सभागृहात काय करता येते?

मतदार ज्याकडे सर्वांत कमी बघतात ते काम हे. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. सभागृहात पुकारला गेला तर उपप्रश्नही विचारता येतात. नियम १०५ खालील लक्षवेधी सूचनेवर मंत्री निवेदन करतात. सभागृहात ‘हे काम पूर्ण करू’ असे मंत्र्याने म्हटले, तर ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. गावातल्या सत्काराच्या भाषणापेक्षा कामकाजातली अशी एक ओळ जास्त उपयोगाची.

आमदाराच्या हातात नसलेले

करमाडचे रेल्वे स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते. गाडीचा थांबा असो की परभणी मार्गाचे दुहेरीकरण, निर्णय केंद्राचा. आमदार पत्र देऊ शकतो. संसदेत प्रश्न विचारायचा तो खासदाराने. ‘ऑरिक’चेही तसेच. शेंद्रा-बिडकीनची ही औद्योगिक नगरी सुमारे दहा हजार एकरांची. तिच्या शेंद्रा भागासाठी करमाड परिसरातल्याही जमिनी गेल्या. दर होता एकरी २३ लाख रुपये. नगरी चालवते ती एमआयडीसी आणि केंद्राच्या ट्रस्टची संयुक्त कंपनी. इथल्या पोरांना नोकरी द्या, असे आमदार सभागृहात मांडू शकतो, उद्योगमंत्र्यांकडे बैठक लावू शकतो. कारखान्याला आदेश देऊ शकत नाही. जमीन दिलेल्या घरांचा राग पहिला त्याच्यावरच निघतो, हेही तितकेच खरे.

पाण्याची गंमत वेगळी. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर नळाचे पाणी देण्याचे. बहुतेक गावांची योजना राबवते जिल्हा परिषद. पण मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जिल्हा परिषदेवर प्रशासक आले. त्या काळात गावाला जाब विचारायला जिल्हा परिषद सदस्यच उरला नाही. नळापासून गटारापर्यंत सगळी गाऱ्हाणी आमदाराच्या दारात गेली. आमदाराने गटाराच्या उद्घाटनाला यावे, ही सवय आधीही होती. त्या काळात ती आणखी घट्ट झाली.

कसे तपासाल?

पुढच्या फलकावर ‘प्रयत्नांतून’ दिसले, तर ग्रामपंचायतीत तीन गोष्टी विचारा : लेखाशीर्ष कोणते, प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेची, कार्यारंभ आदेश निघाला का. आमदार निधीतून सुचवलेल्या कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात असते; माहिती अधिकारात ती मागता येते. विधानसभेतले कामकाज विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असते. तिथे ‘करमाड’ शोधायला मोबाइल पुरतो. भूमिपूजन होऊन वर्ष गेले आणि कार्यारंभ आदेशच नसेल, तर तो प्रश्न ग्रामसभेच्या इतिवृत्तात लेखी नोंदवून घ्या आणि त्याची प्रत आमदारांच्या कार्यालयात देऊन पोहोच घ्या.