सोन्याची तबकडी आणि पाण्याचा थेंब

५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेतून 'व्हॉयेजर १' हे यान अवकाशात झेपावले. त्याचे जुळे भावंड 'व्हॉयेजर २' सोळा दिवस आधीच निघाले होते. गुरू, शनी या ग्रहांजवळून जाऊन त्यांची माहिती पाठवणे हे या यानांचे मुख्य काम होते. पण त्यांच्याबरोबर एक भेटही पाठवली होती. ती म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी. दूर कोठे बुद्धिमान जीव असतील आणि यान त्यांच्या हाती लागले, तर पृथ्वीवर कोण राहते हे त्यांना कळावे, म्हणून कार्ल सेगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली.

ही तबकडी जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारखी वाजवता येते. तिच्यात पावसाचा आवाज आहे, पक्ष्यांचा किलबिलाट आहे, आईचा आणि तान्ह्या बाळाचा आवाज आहे. शिवाय ५५ भाषांतील अभिवादने आहेत. मुलांनो, त्यांत उर्दू आहे आणि मराठीही आहे! उर्दूतील संदेश सलामाने सुरू होतो, तर मराठीतील नमस्काराने. गोव्यात जन्मलेल्या थोर गायिका केसरबाई केरकर यांचे भैरवी रागातील गाणेही तिच्यात आहे.

आजवर कोणाचे उत्तर आलेले नाही. ते लवकर येणारही नाही. सूर्याखेरीज सर्वांत जवळच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सव्वाचार वर्षे लागतात. व्हॉयेजर १ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावते; तरी तेवढे अंतर कापायला त्याला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील.

मला मात्र या यानांची काटकसर फार आवडते. सूर्यापासून इतक्या दूर सूर्यप्रकाशावर वीज मिळत नाही. म्हणून यानात प्लुटोनियम या धातूच्या उष्णतेपासून वीज तयार होते. निघताना ती सुमारे ४७० वॅट होती. दरवर्षी ती सुमारे ४ वॅटने घटते. नवे इंधन घालायला तेथे कोण जाणार? म्हणून शास्त्रज्ञ ज्याच्यावाचून चालेल ते उपकरण बंद करतात आणि उरलेली वीज पुरवून वापरतात. २०२५ मध्येही दोन्ही यानांवरचे एकेक उपकरण बंद करण्यात आले. सुमारे पाच वर्षांसाठी बनवलेली याने अशा रीतीने पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ बोलत राहिली.

कॅमेरे बंद करण्यापूर्वी, १४ फेब्रुवारी १९९० रोजी, व्हॉयेजर १ ने मागे वळून पृथ्वीचे छायाचित्र घेतले. तेव्हा ते सुमारे ६०० कोटी किलोमीटर दूर होते. त्या चित्रात आपली पृथ्वी म्हणजे एक फिकट निळा ठिपका आहे. नीट दाखवल्याशिवाय तो सापडतही नाही.

या ठिपक्यावर जीवन आहे, कारण येथे पाणी आहे. म्हणूनच शास्त्रज्ञ इतरत्र जीवसृष्टी शोधताना आधी पाण्याच्या खुणा शोधतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'पर्सिव्हरन्स' ही गाडी मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरली. ३५० कोटी वर्षांपूर्वी तेथे सरोवर होते आणि नदी त्याला येऊन मिळत होती. आज तेथे कोरडे खडक आणि धूळ आहे. मंगळाचे वातावरण विरळ होत गेले आणि वाहते पाणी नाहीसे झाले.

आपल्याकडे पाणी पुष्कळ आहे असे वाटते. पण त्यातले सुमारे ९७ टक्के समुद्राचे, म्हणजे खारट. गोड्या पाण्यापैकी दोनतृतीयांशांहून अधिक बर्फात अडकलेले. नद्या आणि तलाव यांच्या वाट्याला गोड्या पाण्याचा एक टक्काही येत नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे मराठवाड्यातील लोक विसरलेले नाहीत.

पाणी जपावे कसे, हे अंतराळवीरांकडून शिकावे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात त्यांचा घाम, श्वासातील वाफ, इतकेच काय, लघवीसुद्धा गोळा करून शुद्ध करतात. सुमारे ९८ टक्के पाणी असे परत मिळवता येते, हे २०२३ मध्ये सिद्ध झाले. किळस वाटली ना? पण शुद्ध केलेले ते पाणी अगदी स्वच्छ असते. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण तुम्ही घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. स्थानकात तर नदीही नाही.

तुमच्या शाळेत किंवा घरी एखादा नळ थेंब थेंब गळत असेल. त्याच्याखाली एक लिटरची बाटली ठेवा आणि ती किती वेळात भरते ते घड्याळात पाहा. त्यावरून एका दिवसाचा व मग एका वर्षाचा हिशेब काढा, आणि तो आकडा वर्गातील फळ्यावर लिहा.