आवर्तसारणीतील रिकाम्या जागा

मूलद्रव्यांचा तक्ता भिंतीवर टांगावा आणि त्यातील नावे मुलांकडून घोकून घ्यावीत, अशी रीत पुष्कळ वर्गांत आढळते. तक्ता पाठ होतो खरा. परंतु तो तसाच का मांडला, हा प्रश्न मुलांच्या मनात उद्भवतच नाही.

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी १८६९ साली मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने लावली, तेव्हा ठराविक अंतराने सारखे गुणधर्म पुन्हा प्रकट होतात असे त्यांना दिसले. त्या काळी मूलद्रव्ये साठाहून थोडीच अधिक ज्ञात होती. जेथे गुणधर्म जुळेनात, तेथे त्यांनी जागा रिकामी सोडली आणि तेथील अज्ञात द्रव्यास 'एका' हा संस्कृत अंक लावून नाव दिले : एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. पुढे १८७५ साली फ्रान्समध्ये गॅलियम सापडले. शोधकाने त्याची घनता ४.७ मोजली. ती ५.९ च्या सुमारास असावी, असे मेंडेलीव्ह यांनी ते द्रव्य न पाहताच सुचविले; आणि अधिक शुद्ध नमुना घेऊन मोजता ती खरोखरच ५.९ भरली! १८८६ साली जर्मेनियम सापडून एका-सिलिकॉनची जागाही भरली.

एक कोडे मात्र राहिले. टेल्युरियमचा अणुभार १२७.६ आणि आयोडीनचा १२६.९, म्हणजे आयोडीन आधी यावयास हवे. पण गुणधर्म पाहता त्याचे स्थान क्लोरीन व ब्रोमीन यांच्या खालीच. मेंडेलीव्ह यांनी टेल्युरियम आधी ठेवले आणि त्याचा अणुभार मोजण्यात चूक झाली असावी, असे मानले. मांडणी बरोबर होती. कारण चुकले होते.

खरे कारण अणूच्या अंतरंगात होते. अणूच्या मध्यभागी धनप्रभारित केंद्रक असते, हे १९११ साली रदरफर्ड यांनी दाखविले. १९१३ साली मोझली यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने सिद्ध केले की, एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना केंद्रकाचा प्रभार एकेकाने वाढतो. हाच अणुक्रमांक, म्हणजे प्रोटॉनांची संख्या होय. (हा संशोधक १९१५ साली गॅलिपोलीच्या रणात वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी पडला.) टेल्युरियमचे प्रोटॉन ५२, आयोडीनचे ५३. टेल्युरियमच्या बहुतेक अणूंत न्यूट्रॉन अधिक, म्हणून त्याचा भार अधिक. न्यूट्रॉनाला प्रभार नसल्याने क्रम बदलत नाही.

प्रोटॉन जितके, तितकेच इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती कवचांत असतात. लिथियममध्ये २, १; सोडियममध्ये २, ८, १; पोटॅशियममध्ये २, ८, ८, १. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन तिघांतही समान, म्हणून तिघेही एकाच उभ्या रकान्यात. आज ११८ मूलद्रव्ये ज्ञात आहेत. वर्गासाठी पहिली वीस पुरेशी आहेत. जुन्या पुठ्ठ्याचे वीस पत्ते करून त्यांवर नाव व इलेक्ट्रॉन-रचना लिहावी, तक्त्याप्रमाणे जमिनीवर मांडावे आणि सिलिकॉनचा पत्ता पालथा ठेवावा. वर कार्बन, डावीकडे ॲल्युमिनियम, उजवीकडे फॉस्फरस. या शेजाऱ्यांवरून मुलांनी त्याची रचना सांगावी. उत्तर २, ८, ४ असे आहे. ते मुलांकडून येईपर्यंत पत्ता उलटू नये.