फुल चार्ज, तरी दम नाही: मेक मॉडमधल्या बॅटरीचं दुखणं

(एपिसोडमधलं बोलणं जवळपास जसंच्या तसं ठेवलंय. फक्त अडखळणं आणि मागून येणारा कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज गाळलाय.)

हेडफोन लावलेत ना? आज एकच प्रश्न घेतोय. आपला एक श्रोता शिकायला लेस्टरला असतो. त्याचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, माझ्याकडे मेक मॉड आहे. बॅटरी चार्जरवर फुल दाखवते, पण मॉडमध्ये टाकली की पहिल्यासारखा दम नाही. बटण मात्र तापतं. मित्र म्हणतोय, कॉईल कमी ओहमची टाक, ०.१ कर, मग बघ मजा. करू का?"

नको करूस, बाबा. हे मी त्याला त्याच रात्री फोन करून सांगितलं, एपिसोडची वाट बघितली नाही. पण का नको, हे तुम्हा सगळ्यांना कळायला हवं. कारण त्याच्या मॉडमध्ये जो सेल आहे, तोच तुमच्या टॉर्चमध्ये, छोट्या पंख्यात आणि बऱ्याच पॉवर बँकांमध्ये बसलेला असतो. मी स्वतः वेप ओढत नाही, मला नाद आहे टॉर्चचा. त्यामुळे या सेलशी ओळख जुनी आहे.

आधी मेक मॉड म्हणजे काय ते बघू. साध्या वेपमध्ये एक छोटं सर्किट असतं. सेल फार उतरला, कॉईल शॉर्ट झाली, यंत्र तापलं, की ते आपणहून बंद होतं. मेक मॉडमध्ये यातलं काहीच नाही. पितळेची किंवा तांब्याची नळी, आत एक सेल, खाली बटण, वर कॉईल. बटण दाबलं की सेल थेट कॉईलला जोडला जातो. मध्ये कुणी रखवालदार नाही. बल्ब, तार आणि सेल घेऊन शाळेत प्रयोग करायचो ना, तेच, फक्त कैक पट जास्त करंट.

किती जास्त? शाळेत पाठ केलेला ओहमचा नियम आठवा. व्होल्ट भागिले ओहम, उत्तर अँपिअरमध्ये. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा असतो. आपल्या मित्राची कॉईल ०.२ ओहमची. म्हणजे कागदावर २१ अँपिअर. आता मी त्याला विचारलं, सेल कुठला? त्याने मॉडेल नंबर वाचून दाखवला. ३००० एमएएच, आणि कंपनीच्या डेटाशीटप्रमाणे सतत १५ अँपिअर. म्हणजे वर्षभर तो त्या सेलकडून झेपेल त्याच्यापेक्षा जास्त काम करून घेत होता. आणि मित्राच्या सल्ल्याप्रमाणे ०.१ ची कॉईल टाकली असती तर? ४२ अँपिअर. आधीच दमलेल्या बैलाच्या गाडीत आणखी पोती.

बरं, मग फुल चार्ज असून दम का नाही? हे पुण्या-मुंबईच्या मंडळींना लगेच कळेल. गच्चीवरची टाकी भरलेली असते, पण पाइपात गाळ साचला की नळाला धार करंगळीएवढी. चार्जर तुम्हाला टाकी भरली का एवढंच सांगतो. धार किती येईल ते सांगत नाही. सेल जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो. नुसता ठेवलेला असताना मीटरवर ४.१५ दिसतील, पण बटण दाबलं की व्होल्टेज धपकन खाली बसतं. ते हरवलेले व्होल्ट कुठे जातात? सेलच्या पोटातच उष्णता होऊन. म्हणून दम नसणं ही आळशी सेलची तक्रार नाही, आतून तापणाऱ्या सेलची आहे.

पण थांबा, बटण का तापतं? इथे दुसरा संशयित येतो: घाणेरडे कॉन्टॅक्ट. आटे, बटणाची टिकली, वरची पिन, या सगळ्यांतून तोच करंट जातो. तिथे काळं साचलं, समजा फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आला, तर २० अँपिअरला तिथे ८ वॅट जळतात. करंटचा वर्ग गुणिले रोध. बोटाखालच्या एवढ्याशा टिकलीवर ८ वॅट म्हणजे चटका बसणारच. खाली स्प्रिंग असेल तर ती तापून मऊ पडते, दबून बसते, आणि मग बटण सोडलं तरी सुटत नाही. ते भयंकर. मॉड खिशात आणि बटण दाबलेलंच.

तर कोणता संशयित खरा, हे ओळखायचं कसं? सेल बाहेर काढायचा, हे पहिलं. आधी कॉईल ओहम मीटरवर मोजायची. कधीकधी ०.२ ची म्हणून बसवलेली कॉईल भांड्याला टेकून ०.१२ झालेली असते. मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून आटे आणि कॉन्टॅक्ट पुसायचे, पूर्ण वाळू द्यायचे. काडी काळीकुट्ट निघाली तर समजा अर्धं उत्तर मिळालं. पुसल्यावर बटण थंड राहिलं आणि दमही परत आला, तर सेल निर्दोष. बटण थंड झालं पण दम नाही, तर सेल संपत आलाय. आणि पुसूनही बटण तापतंच आहे, तर स्प्रिंग किंवा स्विच बदला.

सेलची आणखी एक सोपी परीक्षा आहे, तिला फक्त साधा मल्टिमीटर लागतो. पूर्ण चार्ज करा, काढा, रात्रभर नुसता ठेवा, सकाळी मोजा. ४.१५ च्या आसपास असेल तर ठीक. काहीच न करता ४ च्या खाली आला असेल तर आत गळती आहे. तो सेल गेला. त्याच्यावर प्रयोग करू नका.

उलट्या टोकालाही धोका आहे, आणि मेक मॉडमध्ये तो फार सहज घडतो. सर्किट नसल्यामुळे सेल कितीही उतरला तरी यंत्र थांबत नाही. अनुभवी लोक साधारण ३.३ व्होल्टला सेल काढून चार्जला लावतात. अडीचच्या खूप खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि परत चार्ज करताना ते नको तिथे साठून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. "चार्जर एरर दाखवतो, मग दुसऱ्या सेलला तार जोडून जागा केला" असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. कृपया नको.

आता जिथे मला खरी भीती वाटते ते. या सेलचा अख्खा डबा, बाजू आणि बूड, निगेटिव्ह असतो. पॉझिटिव्ह फक्त वरची छोटी टोपी. दोघांच्या मध्ये काय? एक कागदी चकती आणि ते रंगीत प्लास्टिकचं वेष्टन. बस्स. वरच्या कडेला वेष्टन नखभर फाटलं आणि धातू एकाच वेळी टोपीला आणि कडेला टेकला, की डेड शॉर्ट. काही मॉडमध्ये कॉईलची पिन थेट सेलवर बसते, त्याला हायब्रिड म्हणतात. तिथे मधली पिन आट्यांच्या बाहेर स्पष्ट आलेली नसेल, तर आट्यांची कडाच टोपीला टेकते. तोच प्रकार. वेष्टन फाटलं तर नवीन मिळतं, काही रुपयांत, हेअर ड्रायरने आवळून बसतं. पण डब्याला पोचा आला असेल तर वेष्टनाचा विचारच सोडा.

मी घाबरवतोय असं वाटत असेल तर ऐका. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये वेपचा स्फोट होऊन माणसं गेली. फ्लोरिडातलं यंत्र असंच, बिनसर्किटचं होतं. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने स्पष्ट सांगितलं की सुटे १८६५० सेल विकत घेऊ नका, वापरू नका, ते बॅटरी पॅकमध्ये घालण्यासाठी बनवलेले असतात. सुटे सेल किल्ल्या आणि नाण्यांसोबत खिशात ठेवून मांडी भाजलेल्या लोकांची तर गणतीच नको. प्लास्टिकची डबी मिळते, ती घ्या.

१८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं. या आकारात साधारण ३५०० एमएएचच्या आसपासच मावतात. तरी आपल्याकडे ऑनलाइन आणि रस्त्यावर ९९०० एमएएच छापलेले सेल मिळतात! मीही एकदा घेतला होता, टॉर्चसाठी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर हलका भरला. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. करंटचंही तसंच. वेष्टनावर "३५ अँपिअर" असतं, आणि तो आकडा क्षणभराचा असतो. बघायचा तो सततचा, डेटाशीटमधला. १५ अँपिअरच्या सेलला कागदावर ०.२८ ओहम ही शेवटची रेघ. मी ०.४ च्या खाली जाऊ नकोस म्हटलं, म्हणजे साडेदहा अँपिअर, श्वास घ्यायला जागा.

आणि हो, त्याला दिवाळीत घरी यायचंय. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद आहे. त्यामुळे मॉड तिकडेच राहू दे. टॉर्चचे सुटे सेल आणायचे असतील तर टोकं झाकून हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत.

परवा त्याचा परत मेसेज आला. काडी काळी निघाली, पुसल्यावर बटण तापायचं थांबलं. दम तरीही आला नाही. सेल रात्रभर ठेवला तर सकाळी ३.९१. वर बघितलं तर टोपीजवळ वेष्टनाला बारीक चीर, जी त्याने वर्षभर बघितलीच नव्हती. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो सेल त्याने सुपरमार्केटमधल्या जुन्या बॅटऱ्यांच्या पेटीत टाकला.

सल्ला देणाऱ्या मित्राच्या मॉडमध्ये मात्र ०.१ ची कॉईल अजून आहे म्हणे, सेलही तसलाच. त्याला मराठी येतं असं कळलंय. मित्रा, ऐकत असशील तर आधी सेल बाहेर काढ, मग बाकीचा एपिसोड ऐक.