नृत्य शिकणाऱ्या मुलीचा पोशाख : काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

मुलीचे नाव नृत्यवर्गात दाखल होऊन शुल्काची पावती हाती पडली, की बहुतेक घरांत पुढचा विषय कापडाचा निघतो. आणि त्या विषयावर मत देण्यास शेजारीण, आत्या, दुकानदार आणि गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाची छायाचित्रे असे चार साक्षीदार तत्काळ रुजू होतात. त्यांच्यापैकी कोणी वर्गात बसून अडवू अथवा तत्कार, म्हणजे पदन्यासाचे प्राथमिक धडे, पाहिलेले असतातच असे नाही. परिणाम असा होतो, की जी खरेदी एका सुती ओढणीवर भागावयाची ती रेशीम, जर, खड्यांचे दागिने आणि दोन्ही पायांत शंभर शंभर घुंगरे येथवर जाऊन पोहोचते, आणि मुलगी मात्र पहिल्या महिन्यात नुसती पाय आपटावयास शिकत असते. भरतनाट्यम् आणि कथक हे दोन नृत्यप्रकार आपल्याकडील शहरांत विशेषकरून शिकविले जातात, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्या दोहोंपुरतेच आहे.

सर्वांत मूळचा गैरसमज असा, की नृत्याचा पोशाख पाहणाऱ्यांसाठी असतो. रंगमंचावर तो तसा असतो हे कबूल. परंतु सरावाचा पोशाख गुरूच्या डोळ्यांसाठी व कानांसाठी असतो. विद्यार्थिनीचा गुडघा बाहेरच्या दिशेस वळला की पुढेच राहिला, कणा ताठ आहे की कमरेत वाकला, पूर्ण तळवा पडला की नुसती टाच, हे ज्यातून स्पष्ट दिसते व ऐकू येते तो पोशाख उत्तम. आणि ज्याच्या आड हे सारे झाकले जाते तो, मग त्याची किंमत कितीही असो, शिकणाऱ्याच्या दृष्टीने निरुपयोगी. भरतनाट्यमच्या वर्गात लहान मुलींना सलवार-कमीज घालून त्यावर ओढणी छातीवरून तिरपी घेऊन कमरेला घट्ट बांधावयास सांगतात, तो केवळ शिस्तीचा किंवा शालीनतेचा दस्तूर नव्हे. त्या आवळलेल्या ओढणीमुळे कमरेची रेषा दिसते आणि अरमंडीत, म्हणजे गुडघे बाजूंना वळवून अर्धे बसलेल्या स्थितीत, पाठ किंचितही ढळली तर ती गुरूच्या नजरेतून सुटत नाही. पुढे मोठ्या मुली पायजम्यावर आखूड सुती साडी नेसतात, तिच्या निऱ्या गुडघ्याच्या किंचित खालपर्यंतच ठेवतात, यामागेही हेच कारण आहे. ढगळ, पायघोळ सलवार अंगाला सुखाची वाटते, पण तिच्या आत गुडघा काय करतो आहे याचा गुरूला थांग लागत नाही.

घुंगरांच्या बाबतीत तर गैरसमजांची रासच पडलेली आहे. घुंगरू पायांत चढले की नृत्य सुरू झाले, आणि ज्याच्या पायांत अधिक त्याची प्रगती अधिक, असे सरळ त्रैराशिक सर्वत्र मांडले जाते. त्याला शास्त्राधार म्हणून कोणी नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’चा दाखला देतो, आणि नर्तकीने पायांत शंभर किंवा दोनशे घुंगरे बांधावीत असे त्या ग्रंथात सांगितले आहे, हे खरेच आहे. परंतु तो दाखला पुरता वाचला तर निराळीच गोष्ट ध्यानात येते. घुंगरे काशाची असावीत, त्यांचा नाद गोड व आकार सुबक असावा, ती निळ्या दोऱ्यात गाठी मारून पक्की बांधावीत, या अटी तेथे संख्येच्या आधी घातलेल्या आहेत. शिवाय ते विधान सिद्ध नर्तकीला उद्देशून आहे, सात वर्षांच्या नवशिक्या मुलीला उद्देशून नव्हे. ग्रंथकाराने नादाला अग्रस्थान दिले आणि आपण संख्या तेवढी उचलली, यात दोष ग्रंथाचा नाही.

नादाचेच कारण येथे निर्णायक आहे. पायांत पंचवीस घुंगरे असली आणि टाच अर्धी मात्रा उशिरा पडली, तर ती चूक ज्याच्या त्याच्या कानाला बोचते. तीच चूक शंभर घुंगरांच्या दाट झणकारात बुडून जाते, आणि मुलीला आपला पाय साफ वाजतो आहे असा खोटा दिलासा मिळतो. म्हणूनच कथकचे अनेक गुरू तत्काराची लय एकपट, दुप्पट आणि चौपट अशी तिन्ही पटींत स्थिर होईपर्यंत विद्यार्थिनीला घुंगरांविना मोकळ्या पायांनीच नाचवितात, नंतर प्रत्येक पायाला पंचवीस ते पन्नास घुंगरे देतात, आणि शंभराची किंवा त्याहून अधिकची मुभा पुष्कळ वर्षांनी मिळते. मुरलेल्या कथक नर्तकाचे कसब घुंगरांचा कल्लोळ करण्यात नसून ती सर्व निःशब्द ठेवून त्यांतील एखाददुसरेच वाजविण्यात दिसते, ही गोष्ट ज्यांनी मैफलीत पाहिली आहे त्यांना अधिक सांगावयास नको. दुसरे कारण वजनाचे. आकारानुसार शंभर घुंगरांची एका पायाची माळ किलोच्या आसपास किंवा त्याहूनही जड भरते, आणि पायाच्या अगदी टोकाला बांधलेले वजन उचलण्यास कमरेला बांधलेल्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी अधिक श्रम पडतात. तमाशातील कलावंतिणी कित्येक किलोंचे चाळ पायांत बांधून रात्र जागवितात हे ऐकून काही पालक निश्चिंत होतात. परंतु त्या स्त्रिया पूर्ण वाढलेल्या व वर्षानुवर्षे कसलेल्या असतात, आणि त्यांचा दाखला वाढत्या हाडांच्या मुलीला लागू पडत नाही.

भरतनाट्यमचे घुंगरू माळेचे नसून चामड्याच्या किंवा मखमलीच्या पट्ट्यावर ओळीने जडविलेले असतात. लहानांच्या पट्ट्याला दोन किंवा तीन ओळी पुरतात, मोठ्यांच्या पट्ट्याला पाचही असतात. अनेक वर्गांत ते पायात बांधण्यापूर्वी घुंगरूपूजनाचा छोटासा समारंभ होतो, ज्याला तमिळ परंपरेत सलंगै पूजा म्हणतात, आणि तो दिवस गुरू ठरवितात. सबब घुंगरे आगाऊ घेऊन ठेवण्यात शहाणपण नाही. घेताना मात्र एकेक घुंगरू हलवून ऐकावे. बाजारातील बहुसंख्य घुंगरे पितळेची असतात, त्यास हरकत नाही. पण मुके किंवा चिरकलेले घुंगरू ताबडतोब बदलून मागावे, आणि पट्ट्याचे अस्तर घोट्याच्या हाडावर घासत नाही ना हे मुलीला दुकानातच चारदोन पावले टाकावयास लावून पाहावे.

आता थोडे इतिहासाकडे वळू, कारण पुढचा गैरसमज इतिहासाच्या नावावर खपतो. समोर पंख्यासारख्या उघडणाऱ्या निऱ्यांचा, तुकड्यातुकड्यांनी शिवलेला तो भरतनाट्यमचा पोशाख देवळातील नर्तकींपासून जसाच्या तसा चालत आला आहे, म्हणून तो रेशमाचा आणि परंपरेबरहुकूम असलाच पाहिजे, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. वस्तुतः विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या छायाचित्रांत देवदासी नर्तकी पायजम्यावर लांब साडी गुंडाळून, वर चोळी व कमरपट्टा घालून उभ्या दिसतात. १९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी अड्यार येथे आपला पहिला जाहीर नृत्यप्रयोग केला, १९३६ साली कलाक्षेत्र या नृत्यसंस्थेची स्थापना केली, आणि त्याच सुमारास मंदिरांतील शिल्पांचा आधार घेऊन व मादाम काझान या इटालियन शिवणकारिणीचे साहाय्य घेऊन त्यांनी शिवलेल्या पोशाखाची तजवीज केली. म्हणजे ज्याला आपण प्राचीन समजतो त्याचे वय अजून शंभरीही गाठत नाही. उलट, ज्यांच्या घराण्याचा तंजावरच्या दरबाराशी पिढ्यान् पिढ्या संबंध होता त्या टी. बालसरस्वती (१९१८–१९८४) रंगमंचावर साडीतच नाचत राहिल्या, आणि त्यांच्या अभिनयाला त्यामुळे काही उणे पडले असे कोणी म्हणणार नाही.

यात मराठी वाचकाने विशेष लक्षात घ्यावे असे काही आहे. भरतनाट्यमचा आजचा प्रयोगक्रम ज्या चार भावांनी बांधला, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु तंजावरच्या भोसले दरबारी होते. दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी स्वतः मराठीत नृत्यरचना केल्या, आणि त्या रचनांना गेल्या शतकात मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी पुन्हा रंगमंचावर आणले. १८८० साली सयाजीराव गायकवाडांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला तेव्हा तिच्याबरोबर तेथील नर्तकीही बडोद्यास आल्या. मराठी दरबारांनी हे नृत्य आश्रयास घेतले तेव्हा हा शिवलेला पोशाख अस्तित्वातच नव्हता. तो शिवणाऱ्यांनी सोय पाहिली, सौंदर्य पाहिले आणि उत्तम काम केले. परंतु तो नसल्यामुळे परंपरेचा भंग होतो, ही समजूत नामंजूर करावयास हवी.

कथकचा पोशाख निराळा, आणि तेथे दिशाभूलही निराळी. पेशवाजाच्या धर्तीचा घेरदार अंगरखा आणि चुणीदार पायजमा ही दरबारी पद्धत, घागरा-चोळी ही दुसरी. दोन्ही रंगमंचावर शोभतात. चक्कर घेताना घेर गोल उघडतो, ते दृश्य पाहून घोट्याच्याही खाली येणारा अनारकली मुलीला शिवून दिला जातो, आणि दुसऱ्याच चक्करला तिचा अंगठा त्यात अडकतो. सरावाला गुडघ्याखाली चार बोटे येणारा साधा कुर्ता पुरे. ओडिसीची ओडिशाच्या विणीची साडी किंवा मोहिनीअट्टमची कसवू किनारीची पांढरट साडी यांचे नियम आणखी वेगळे, तेव्हा ‘क्लासिकल डान्सचा ड्रेस’ म्हणून एकच कपडा पुढे करणाऱ्या दुकानात फार वेळ दवडू नये.

“वाढत्या अंगाची पोर आहे, दोन वर्षे चालेल असे घ्या,” हा सल्ला शाळेच्या गणवेशापुरता वाजवी असेल. नृत्यात तो महाग पडतो. पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. म्हणजे दोन वर्षांची तरतूद केली तर १० ते १२ सेंटिमीटर कापड जादा, आणि ते नेमके पायाखाली येते. यावर शिंप्यांना ठाऊक असलेला जुना उपाय असा, की कपडा आजच्या मापाचा शिवावा, पण बाजूच्या शिवणींत दोन इंचांची माया सोडावी आणि खालची दुमड दुहेरी ठेवावी. दर वर्षी एक टाका उसवला की भागते. घुंगरांच्या पट्ट्याला मात्र अशी सवलत नाही. सैल पट्टा प्रत्येक ठोक्याबरोबर खाली सरकतो, घोटा सोलतो आणि ठेक्याच्या मागून स्वतःचा वेगळाच ठेका धरतो.

कापडाबद्दल थोडक्यात. रेशीम ताणले जात नाही आणि घामाचे डाग धरून ठेवते; चमकदार पॉलिएस्टर घाम शोषीत नाही, त्यामुळे तासाभरात अंगाला चिकटते. सुती कापड घाम शोषते, हा त्याचा गुण. ओले झाले की जड होते आणि आषाढात दोन दोन दिवस वाळत नाही, हा त्याचा अवगुण, म्हणून एका भारी जोडापेक्षा दोन साधे जोड बरे. मुलगे शिकत असतील तर कुर्ता-पायजमा आणि कमरेला उपरणे, यापलीकडे काही लागत नाही. त्यांच्यासाठी वेगळे दुकान शोधण्याचे कारण नाही.

पादत्राणांचा प्रश्न येथे उद्भवतच नाही, कारण ही नृत्ये अनवाणी पायांनीच होतात. परंतु थंडीत मोजे घालून नाचण्याची सवलत देणारे पालक भेटतात, आणि गुळगुळीत फरशीवर मोज्यासारखी घसरगुंडी दुसरी नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे पोशाखावर हजारो रुपये खर्चणारे गृहस्थ वर्गाच्या जमिनीकडे क्वचितच पाहतात. काँक्रीटवर घातलेली शहाबादी फरशी पायाच्या आघाताला मुळीच दाद देत नाही, तो आघात नडगीतून गुडघ्याकडे परत जातो. खाली पोकळी ठेवून बसविलेली लाकडी जमीन तो थोडाबहुत झेलते. वर्ग निवडताना पोशाखाची यादी मागण्यापूर्वी मुलगी कशावर नाचणार आहे हे विचारणे मला अधिक निकडीचे वाटते.

दागिन्यांचा आग्रह वर्गात नसतो आणि नसावा. लोंबते डूल, हातातल्या बांगड्या आणि मोकळी वेणी चक्कर घेताना इतरांनाही इजा करतात. रंगमंचासाठी नागरकोविलजवळच्या वडसेरीचे लाल खड्यांचे पारंपरिक दागिने प्रसिद्ध आहेत, परंतु बालवयात हलके नकली दागिने चालतात. त्यांत निकेल असल्यास काहींच्या कानामानेवर पुरळ उठते. हातापायांना लावावयाच्या लाल आलत्याचेही तसेच, म्हणून दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे.

राहता राहिला प्रश्न पहिल्या जाहीर कार्यक्रमाचा. त्यासाठी नवा रेशमी पोशाख शिवणे भाग आहे अशी समजूत असते, पण भाड्याने मिळणारा किंवा वर्गातल्या वरच्या मुलीने वापरून सोडलेला पोशाख नीट धुऊन, हूक बदलून आणि शिवणी उसवून घेतला तर त्यात काहीही कमीपणा नाही. मापाची एक खुबी तेवढी पाळावी : शिंप्याकडे मुलीला उभी करून घेतलेले माप फसवे ठरते, कारण निऱ्यांचा पंखा उघडतो तो बसल्यावर, तेव्हा तिला तेथेच अरमंडीत बसवून, मग पूर्ण खाली बसवून, कमर, मांड्या आणि निऱ्यांची लांबी पुन्हा मोजावी, आणि ती उठताना कापड कोठे ओढले जाते ते शिंप्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावे.