बोरिवलीच्या अरण्यातील शेजारधर्म

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेस उतरून, रिक्षांची रांग, फळवाल्यांच्या हातगाड्या आणि द्रुतगती महामार्गावरील वाहनांचा अखंड ओघ ओलांडून जो मनुष्य पायी निघतो, तो वीसएक मिनिटांत अशा एका प्रवेशद्वाराशी येऊन ठेपतो की, त्याच्या अलीकडे जगातील अत्यंत दाट वस्तीच्या नगरांपैकी एक नगर नांदत असते आणि पलीकडे सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे डोंगराळ अरण्य पसरलेले असते. सरकारी दफ्तरात याचे नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. रिक्षावाल्याला मात्र ‘नॅशनल पार्क’ एवढे सांगितले की पुरते. पश्चिमेस बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, पूर्वेस मुलुंड आणि भांडुप, उत्तरेस ठाण्याकडील येऊरचे डोंगर आणि घोडबंदरचा रस्ता अशी याची चतुःसीमा असून, दक्षिणेकडे आरे वसाहतीच्या कुरणांतून हे अरण्य अंधेरी-पवईच्या दिशेने नकळत सरकत गेलेले आहे.

कान्हेरीच्या लेण्यांविषयी मराठी वाचकास नव्याने काही सांगावे असे नाही. शंभराहून अधिक गुंफा, प्रत्येक गुंफेशेजारी पावसाचे पाणी धरून ठेवणारी पोढी, शिलालेखांतून आपली दाने कोरून ठेवणारे व्यापारी आणि गृहस्थ, एवढे शालेय सहलीत बहुतेकांनी पाहिलेले असते. या डोंगरांनी पुढे मुंबईचीही तहान भागविली. विहार तलाव १८६० साली आणि तुळशी तलाव १८७९ साली पुरा झाला, आणि आज शहराचा बहुतांश पाणीपुरवठा दूरवरून येत असला तरी या दोन तलावांचे पाणी अद्याप नळांवाटे घरोघर जाते. भिक्षूंनी आणि इंग्रजांच्या अभियंत्यांनी या डोंगराकडे पाणी मागितले. आजचा पर्यटक त्याच्याकडे वन्यपशूचे दर्शन मागतो.

दारावरच्या रखवालदाराला दिवसाकाठी सर्वांत अधिक वेळा कोणता प्रश्न विचारला जातो, अशी मी सहज चौकशी केली, तेव्हा तो हसून म्हणाला, “बिबट्या दिसेल का, हाच. सफारीच्या गाडीत बसा, कुंपणातला वाघ दिसेल, सिंह दिसेल. बिबट्या दिसायचा की नाही, ते आपण ठरवायचं नसतं, साहेब.” या उत्तरात वनखात्याच्या कित्येक परिपत्रकांचे सार आले आहे, असे मला वाटले.

कारण बिबट्या येथे आहे आणि तो विपुल आहे. झाडांच्या बुंध्यांना गुडघाभर उंचीवर पट्ट्याने आवळून बांधलेल्या छोट्या पेट्या पायवाटेवरून जाणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाहीत. समोरून उष्ण देहाचे काही हलले की त्यांतील कॅमेरा आपोआप चित्र टिपतो, आणि बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी डाव्या कुशीवर एक आणि उजव्या कुशीवर निराळी असल्यामुळे वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर अशा पेट्या लावाव्या लागतात. कोणत्याही दोन बिबट्यांची नक्षी सारखी नसते, म्हणून या चित्रांवरून त्यांची शिरगणती करता येते. अशा गणतीत २०१५ साली ३५, २०१८ साली ४७ आणि २०२४ साली उद्यान आणि लगतचा मुलूख मिळून ५४ बिबट्यांची नोंद झाली. एवढ्या थोडक्या जागेत एवढे बिबटे आणि त्यांच्या भोवती एवढी माणसे, हा योग पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र क्वचितच जुळून आला असेल.

अमेरिकेतील पर्वतमय राष्ट्रीय उद्यानांत काळी अस्वले पाहावयास लोकांची झुंबड उडते. तेथील ग्रेट स्मोकी पर्वताच्या उद्यानात अस्वलापासून दीडशे फुटांच्या आत मुद्दाम जाणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि योसेमिटीच्या तळांवर मुक्काम करणाऱ्याने आपली शिधासामग्री लोखंडी पेटीत कुलूपबंद ठेवली पाहिजे असा सक्त दंडक आहे. मनुष्याच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल भय विसरते, गाड्यांची दारे उचकटू लागते आणि अखेर त्यालाच प्राणाला मुकावे लागते, हा अनुभव तेथील अंमलदारांनी बरीच किंमत मोजून घेतला आहे. आपल्याकडील अस्वले मेळघाटात आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात. मुंबईच्या डोंगरात ती नाहीत. परंतु पशू बदलला म्हणून शहाणपण बदलत नाही. बोरिवलीतही रक्षणाचा मुख्य प्रश्न अन्नाचाच आहे. फरक एवढाच की, येथे बिबट्या आपल्या उष्ट्याला शिवत नाही. उष्ट्यावर कुत्री जगतात आणि कुत्र्यांवर बिबट्या.

वस्तीच्या कडेला कचरा साचला की त्यावर भटकी कुत्री, डुकरे आणि उंदीर पोसले जातात, आणि चितळ-सांबराचा पाठलाग करण्यापेक्षा हे भक्ष्य सुलभ असल्यामुळे रात्रीच्या प्रहरी बिबट्या डोंगर उतरून इमारतींच्या आवारापर्यंत येतो. या उद्यानातील बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या आहारात पाळीव व भटक्या जनावरांचा वाटा मोठा आणि त्यांतही कुत्र्यांचा प्रमुख असल्याचे आढळले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर असा अंदाज मांडला गेला की, हे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री मारतात आणि त्यायोगे कुत्राचाव्याचे व रेबीजचे संकट काही अंशी आटोक्यात ठेवतात. ज्याला आपण उपद्रवी म्हणून पिंजऱ्यात घालावयास निघतो, तो पालिकेचे काही काम विनावेतन करीत असतो, असा याचा अर्थ.

अर्थात हे सान्निध्य सदैव निर्वैर होते असे मात्र नाही. २००२ पासूनची दोनतीन वर्षे मुलुंड, भांडुप, बोरिवलीच्या रहिवाशांना अजून आठवतात. २००४ च्या एका जून महिन्यात दहा माणसे बिबट्यांच्या हल्ल्यात दगावली. त्या काळी जेथे बिबट्या दिसे तेथे पिंजरा लावावा, धरलेले जनावर दूरच्या जंगलात नेऊन सोडावे आणि दूरचे धरलेले येथे आणून सोडावे, असा शिरस्ता होता. जुन्नरच्या परिसरात याच प्रश्नाचा मागोवा घेणाऱ्या विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले की, आपल्या हद्दीतून उपटून परक्या प्रदेशात टाकलेले जनावर बिथरते आणि रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरे येऊन बसते, म्हणजे पिंजऱ्याने संकट टळत नाही, ते केवळ फिरते राहते. २०११ साली वनखाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी एकत्र येऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम आरंभिला, आणि पिंजऱ्याऐवजी माणसांच्या वागणुकीकडे लक्ष वळविले. तेव्हापासून हल्ल्यांचे प्रमाण पुष्कळ उतरले. तथापि ते शून्यावर आलेले नाही. २०२१ साली आरेमध्ये काही हल्ले झाले, आणि २०२२ च्या ऐन दिवाळीत तेथेच एक तान्ही मुलगी बळी पडली. शेजार हा धोक्याचा आहे, आणि तो तसा नाही अशी बतावणी करण्यात कोणाचेच हित नाही.

धरलेला बिबट्या कोठे जातो याची सर्वांत विलक्षण कैफियत ‘आजोबा’ नामक बिबट्याची. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला हा वयस्क नर बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. तेथून रस्ते, लोहमार्ग आणि खाडी ओलांडीत, कोणाच्या वाटेस न जाता, सुमारे १२० किलोमीटर चालून तो या उद्यानाच्या परिसरात येऊन राहिला, आणि दोन वर्षांनी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाची धडक बसून मरण पावला. २०१४ साली त्याच्यावर त्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला. डोंगर, खाडी आणि माणसे यांतून निभावलेल्या या प्रवाशाला अखेर रस्त्याने गाठले.

या भेटीत मला सर्वाधिक मोहविले ते मात्र एका पाड्यावरच्या वयोवृद्ध वारली गृहस्थांनी. उद्यानात आणि आरेत वारल्यांचे व अन्य आदिवासींचे कित्येक पाडे शहर वसण्याच्या आधीपासून आहेत. बाबांच्या झोपडीपासून थोड्या अंतरावर, करवंदीच्या जाळीच्या आडोशाला, सागाची एक उभी फळी जमिनीत रोवलेली होती. वरच्या अंगाला सूर्य आणि चंद्र, खाली शेपूट उचललेला वाघ, आणि या साऱ्यावर वर्षानुवर्षांच्या शेंदराचे एवढे थर की, वाघाचे डोळे बोटाने चाचपूनच शोधावे लागत. बाबांनी आधी पळसाच्या पानाने फळीवरचा पालापाचोळा झाडला, पायथ्याच्या करवंटीतले जुने पाणी ओतून टाकले आणि मग ते कथा सांगावयास बसले.

एका स्त्रीला लग्नावाचून मूल झाले. लोकांच्या बोलाला भिऊन ती त्याला लपवून वाढवी. पण ती रानात कामाला गेली की ते पोर वाघाचे रूप घेई आणि गावची गुरे मारी. गाव खवळून काठ्या-कुऱ्हाडी घेऊन धावला, तेव्हा आई मधे पडली, आणि तिने पोराला सांगितले की, तू आता रानात राहा, गावात येऊ नकोस. पोराने विचारले, मग मी खाऊ काय? त्यावर आईने गावकऱ्यांकडून असा करार करून घेतला की, वेशीबाहेर त्याचे ठाणे मांडावे, वर्षातून एकदा त्याचा सण करून त्याला कोंबडे द्यावे, आणि रानातून कधी एखादे जनावर त्याने नेले तर तो त्याचा हक्काचा वाटा समजावा. “तेव्हापासून तो आमचा वाघोबा,” बाबा म्हणाले. ही कथा पाड्यापाड्यागणिक थोडी निराळी सांगतात. महाराष्ट्रातील वारली मुलखात वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी अभ्यासकांनी नोंदली आहेत.

हा सण वाघबारस, आश्विन वद्य द्वादशीचा. त्याच संध्याकाळी बोरिवलीच्या आणि मुलुंडच्या सुवासिनी वसुबारस म्हणून सवत्स धेनूची पूजा करतात. एकाच तिथीला डोंगराच्या पायथ्याशी गाय पूजिली जाते आणि डोंगरावर तिला खाणारा पूजिला जातो, आणि या दोन्ही पूजांनी शतकानुशतके एकमेकींशी भांडण काढलेले नाही.

“बाबा, तुम्हांला भय वाटत नाही?” असे मी विचारले. “वाटतं तर! म्हणून तर पोरांना अंधार पडल्यावर एकटं सोडत नाही,” ते म्हणाले, “पण त्याला बघायला म्हणून कोणी जात नाही. वाटेत आला तर उभं राहायचं, त्याला जाऊ द्यायचं. गर्दी करून घेरलात तर तो तरी काय करील?”

वनखात्याच्या सूचना याहून फार वेगळ्या नाहीत. काळोखात एकट्याने जाऊ नये. जाणे प्राप्तच असेल तर हातात विजेरी असावी आणि मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणे लावून चालावे. लहान मुले मोठ्यांच्या मधे ठेवावीत. उघड्यावर शौचास बसू नये, कारण वाकलेला वा बसलेला मनुष्य त्या जनावरास चतुष्पादासारखा भासतो. बिबट्या समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नये, वाकू नये, हळूहळू मागे सरावे. तो इमारतीत शिरला तर छायाचित्रासाठी जमाव करू नये आणि वनखात्यास वर्दी द्यावी. अशा प्रसंगी घडलेल्या इजांपैकी कित्येक जमावाच्या कल्लोळानेच ओढवलेल्या आहेत.

हे सारे ठाऊक असून आपण वागतो कसे? कान्हेरीच्या वाटेवर माकडांना वेफर्सची पुडी फोडून देणारे कुटुंब मी पाहिले, आणि रिकामी पुडी तेथेच टाकून ते लेण्यांतील स्वच्छतेविषयी तक्रार करीत पुढे गेले. उद्यानाच्या भिंतीला खेटून उभ्या राहणाऱ्या उत्तुंग इमारती ‘वनश्रीच्या सान्निध्यात’ म्हणून विकल्या जातात, आणि घर ताब्यात आल्यावर तेच सान्निध्य नको म्हणून पिंजऱ्याचा अर्ज जातो. वास्तविक बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकुमावाचून त्याला धरता येत नाही. याच डोंगराच्या पोटातून गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली असे जुळे बोगदे खणले जावयाचे आहेत. शहराला वाट हवी हे खरे. पण या जंगलाला उत्तरेकडील नागला आणि तुंगारेश्वरच्या वनांशी जोडणारी वाट घोडबंदरच्या रहदारीत गुदमरत चालली आहे, तिचीही कोणी एवढ्याच तत्परतेने आखणी करावी.

वाचकाने येथे जावे ते सोमवार सोडून, कारण त्या दिवशी उद्यान बंद असते; सकाळी लवकर जावे, आणि प्रवेशद्वाराजवळील निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करून मार्गदर्शकासह एखादी पायवाट धरावी. शिलोंड्याच्या वाटेवर ओढा आहे, फुलपाखरे आहेत, आणि आठ वर्षांतून एकदा, जशी २०२४ साली फुलली तशी, कारवीही आहे. बिबट्या दिसला नाही म्हणून तिकिटाचे पैसे वाया गेले असे समजू नये. आणि जे या अरण्याच्या कडेला राहतात त्यांनी एवढे करावे: पिंजऱ्यासाठी वनखात्याकडे अर्ज करण्याआधी, आपल्या गल्लीच्या टोकाचा उकिरडा हटविण्यासाठी महानगरपालिकेकडे करावा. दोन्हींपैकी उपयोग दुसऱ्या अर्जाचाच आहे.