हललेली डिश पुन्हा जागेवर आणताना

घरगुती डिशचा व्यास साधारण ६० सेंटिमीटर असतो आणि ती ज्या उपग्रहाकडे पाहते तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. एवढ्या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. रोख दीड अंशाने चुकला की मिळणारा सिग्नल निम्म्यावर येतो. डिशची कड एक सेंटिमीटर सरकली तर हा रोख सुमारे दोन अंशांनी बदलतो. त्यामुळे गॅलरीच्या कठड्याला लावलेल्या डिशला पाडव्याच्या गुढीची काठी लागली, वाळत घातलेली ओली चादर वाऱ्याने तिच्यावर आपटली किंवा पतंगाचा मांजा अडकून कोणी जोराने ओढला, तरी घरातला टीव्ही बंद पडू शकतो. वरकरणी डिश अगदी होती तिथेच दिसते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा गच्चीवरचा अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे वळवावा लागे. तो थोडा फिरला तर पडद्यावर मुंग्या यायच्या, पण चित्र दिसत राहायचे. डिजिटल प्रक्षेपणात अशी सवलत नाही. सिग्नल पुरेसा असेपर्यंत चित्र स्वच्छ असते, तो काठावर आला की चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि आणखी थोडा घसरला की ‘नो सिग्नल’. म्हणूनच हाताने हलवून अंदाज घेण्याची जुनी पद्धत इथे बहुतेक वेळा फसते.

मात्र डिशला हात लावण्यापूर्वी ती खरोखर हलली आहे का, हे पाहायला हवे. जुलैच्या मुसळधार पावसात चित्र गेले आणि सर ओसरताच परत आले, तर डिश जागेवर आहे. घरगुती डिशच्या लहरी पावसाच्या दाट थेंबांत क्षीण होतात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस ठरावीक वेळी, काही मिनिटांपुरते चित्र जाते, तेही डिशमुळे नव्हे. तेव्हा सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. गिरगाव-परळसारख्या समुद्राजवळच्या वस्तीत तिसरे कारण फार सापडते: खाऱ्या दमट हवेने गंजलेला केबलचा जोड. डिशच्या दांड्याच्या टोकावर बसलेला, सिग्नल पकडणारा ‘एलएनबी’ आणि केबल यांचा स्क्रू-जोड उघडला की तांब्याच्या तारेवर हिरवट थर दिसतो. केबलचे ते टोक दोन-तीन सेंटिमीटर कापून जोड नव्याने केला की काम भागते. जोड उघडण्याआधी सेट-टॉप बॉक्सचा प्लग काढावा, कारण केबलमधून १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा वर जात असतो. बॉक्स आणि केबल ठीक असून लख्ख उन्हातही सिग्नल नसेल, तरच डिश हलली असे धरावे.

मुंबईहून घरगुती डिशचे सगळे उपग्रह आग्नेयेच्या बाजूला दिसतात. अरबी समुद्राकडे पाहणाऱ्या गॅलरीत डिश लावून म्हणूनच उपयोग होत नाही. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजले, तर टाटा प्लेचा ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह मुंबईतून सुमारे १५१ अंशांवर आणि क्षितिजापासून ६५ अंश उंच दिसतो. डीटूएचचा उपग्रह ८८ रेखांशावर. दिशा १४०, उंची ६२. डीडी फ्री डिश आणि सन डायरेक्टचे उपग्रह ९३.५ रेखांशावर, दिशा १३१, उंची साडेसत्तावन. डिश टीव्हीचा ९५ वर; दिशा १२९, उंची ५६. एअरटेलचा १०८.२ वर, म्हणजे बराच पूर्वेला. दिशा ११५ आणि उंची फक्त ४४. गावातल्या खुणांनी सांगायचे तर, दादर स्थानकावरून शिवडी स्थानक ज्या बाजूला येते ती ढोबळमानाने टाटा प्लेची दिशा, आणि गिरगावातून सीएसएमटीची बाजू ती फ्री डिशची.

उंचीच्या या आकड्यांचे गिरणगावात वेगळेच महत्त्व आहे. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. शेजारच्या चाळींचे आग्नेय आकाश त्यांनी झाकले. शंभर मीटर उंच टॉवर आग्नेयेला असेल, तर ४४ अंशांवरचा उपग्रह त्याच्या पायथ्यापासून जवळजवळ शंभर मीटरपर्यंतच्या घरांना दिसणार नाही. ६५ अंशांवरचा उपग्रह मात्र ४७ मीटरच्या पलीकडे असलेल्या घरांना दिसेल. एकाच चाळीत एका कंपनीची डिश चालते आणि दुसरीची चालत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. नवे बांधकाम वर चढताना टीव्ही गेला असेल, तर डिश कितीही फिरवून उपयोग नाही. ती गच्चीवर न्यावी लागते किंवा केबलचा पर्याय घ्यावा लागतो. अडथळा आहे की नाही हे सूर्यच दाखवून देतो: १२ मार्चच्या आसपास टाटा प्लेसाठी दुपारी बाराच्या सुमारास, फ्री डिशसाठी सव्वाअकराला आणि एअरटेलसाठी दहा-सव्वादहाला डिशवर ऊन पडत असेल, तर समोरचे आकाश मोकळे आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला याच वेळा सुमारे वीस मिनिटे आधी येतात.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट खांबाची. डिश ज्या नळीवर बसते ती ओळंब्यात हवी. नळी कललेली असली तर डिश आडवी फिरवताना तिची उंचीही नकळत बदलते आणि दोन्ही कोन कधीच एकत्र जुळत नाहीत. धक्क्याने डिश फिरली नसून नळीच वाकली आहे, असेही वारंवार आढळते. गवंड्याचा ओळंबा किंवा पाणसळ दोन बाजूंनी लावून आधी ती सरळ करून घ्यावी.

मग मागच्या पट्टीवरील अंशांच्या खुणेवर उंचीचा कोन लावायचा. इथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. या डिशची खरी नजर तिच्या चेहऱ्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. ६५ अंशांवरच्या उपग्रहासाठी लावलेली डिश उभ्या रेषेपासून ४० अंशांच्या आसपासच मागे झुकलेली दिसते. कोन नीट लागलेला नाही असे समजून ती आणखी आडवी करणे ही नेहमीची चूक. पट्टीवरच्या खुणेत हा फरक धरलेला असतो.

दिशेसाठी मोबाइलमधले होकायंत्र पुरते, मात्र ते लोखंडी खांबापासून आणि कठड्यापासून दोन मीटर दूर उभे राहून पाहावे. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे आकडेमोडीची गरज पडत नाही. नळीवरचा क्लँप डिश जोर लावून फिरेल इतपत सैल करायचा. बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलचे पान उघडले की दोन पट्ट्या दिसतात, ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’. यातली क्वालिटीच पाहायची. डिश मोकळ्या आकाशाकडे असतानाही स्ट्रेंग्थ चढलेली दिसू शकते आणि ती पाहून माणूस भलत्या जागी नट आवळतो. डिश बोटभर फिरवायची, तीन-चार सेकंद थांबायचे, खोलीतला माणूस फोनवर आकडा सांगेल, मग पुन्हा बोटभर. बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो, घाईने फिरवले तर उपग्रह नजरेसमोरून निघून जातो. क्वालिटी सापडली की उंची अर्धा-अर्धा अंश वर-खाली करून सर्वांत मोठा आकडा गाठायचा आणि पुन्हा एकदा आडवे तपासायचे.

बाजारात मिळणारा सूचीवाला मीटर उपयोगी आहे, पण तो कोणत्याही उपग्रहाला वाजतो. ९३.५ आणि ९५ रेखांशांवरचे उपग्रह मुंबईच्या आकाशात इतके जवळ दिसतात की मीटर वाजला म्हणजे आपलाच उपग्रह मिळाला, असे नव्हे. शेवटचा निवाडा बॉक्सचाच. काही वाहिन्या स्वच्छ आणि काही मुळीच नाहीत असे झाले, तर एलएनबी पकडीत फिरला असण्याची शक्यता मोठी. तो पकडीतच थोडा थोडा फिरवून पाहावा.

नट आवळतानाच डिश थोडी सरकते. म्हणून सगळे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत आणि क्वालिटीवर शेवटपर्यंत लक्ष ठेवावे.

डिश पुन्हा पुन्हा हलत असेल तर दोष बहुधा कठड्याचा. जुन्या चाळींचे लाकडी कठडे माणूस टेकला तरी लवतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबईत वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेले होते. असा वारा समोरून आला तर ६० सेंटिमीटरच्या डिशवर १५ ते २० किलोंचा जोर पडतो. तो कठड्याने पेलावा अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. पक्क्या भिंतीत किंवा गच्चीच्या काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने पाया बसवणे हाच खरा इलाज.

पत्र्यावर किंवा मंगलोरी कौलांवर डिशसाठी कोणीही पाय ठेवू नये. सिमेंटचे जुने पत्रे माणसाच्या वजनाने फुटतात. कठड्याबाहेर ओणवे होऊन नट फिरवण्याची वेळ येत असेल, तर ते काम पट्टा बांधून करणाऱ्या तंत्रज्ञाचे आहे. डिश नीट लागल्यावर नळी आणि क्लँप यांच्या सांध्यावर ऑइल पेंटची एक उभी रेघ मारून ठेवावी. पुढच्या वेळी धक्का लागला तर ती रेघ तुटलेली दिसेल आणि डिश कुठे परत आणायची ते विचारावे लागणार नाही.