चिपाडापासून पुठ्ठ्यापर्यंत

शिरूर-दौंड हा उसाचा पट्टा. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे इथले सहकारी साखर कारखाने. रस काढल्यावर उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के चिपाड उरते. ते बहुधा बॉयलरमध्ये जळते. पण त्याचा कागदही होतो. आधी चिपाडातला भुसभुशीत गर वेगळा करतात, मग धागे रसायनांत शिजवून लगदा करतात. तो धुऊन जाळीवर पसरला, दाबला, वाळवला की कागद तयार. उसाचे धागे आखूड, म्हणून मजबुतीसाठी लांब धाग्यांचा लगदा मिसळतात.

कागदाचे वजन जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम असे मोजतात: वहीचा ६०च्या आसपास, जाड कार्डाचा २५०-३००. खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी थर असतो. पुठ्ठा हलका असूनही भार पेलतो तो त्यामुळेच.